दोन नावांचं स्टेशन

इटलीहून परत आल्यापासून मला सगळे एकच विचारतात. पिसाचा कलता मनोरा बघितलास का? नाही. व्हेनिस? तेही नाही. मग सोळा दिवस केलंस काय? तर रेल्वेत बसले आणि मैत्रिणींना भेटले. एक तुरिनला, एक बोल्झानोला आणि एक रोमला. मधले दिवस स्टेशनांवर गेले, कारण वेगवान गाड्यांची तिकिटं परवडत नव्हती आणि रखडणाऱ्या पॅसेंजर गाड्यांची परवडत होती.

संपादक मंडळाने माझ्याकडे प्रवासवर्णन मागितलं होतं. मी देतेय ते प्रवासवर्णन कमी आणि मत जास्त आहे. ते आपल्या मंडळातल्या सगळ्यांना पटेल असं नाही. पण मराठी मंडळाच्या अंकात हे लिहायचं नाही तर कुठे लिहायचं?

आधी तुरिनच्या मैत्रिणीबद्दल सांगते. आम्ही दोघी बेळगावातल्या एकाच कॉन्व्हेंट शाळेत, एकाच बाकावर पहिलीपासून दहावीपर्यंत बसलो. तिच्या घरी कन्नड, माझ्या घरी मराठी. दहावीच्या वर्षी गावात पाट्यांवरून वातावरण तापलं. आपल्याकडे ते दर थोड्या वर्षांनी तापतंच. कुठे मराठी पाटीला काळं फासलं, कुठे कन्नड पाटीला, एक दिवस बंद, दोन दिवस शाळेला सुट्टी. मी व्हॉट्सॲपला एक स्टेटस ठेवलं. तिनेही ठेवलं. दोन्ही स्टेटस चोवीस तासांत गेले, पण आमचं बोलणं त्यानंतर चार वर्षं बंद होतं. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे मिटवायचं तरी काय हेही कळेना. ती इंजिनिअरिंगला तुरिनला गेली हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

गेल्या नाताळात तिचा मेसेज आला : ‘इथे सगळं मिळतं. शेंगाचटणी मिळत नाही.’ एवढंच. मी तो मेसेज आईला दाखवला आणि आई म्हणाली, जा. दोन वर्षांच्या शिकवण्यांचे पैसे साठले होते, उरलेले पप्पांनी घातले, आणि जुलैत मी बॅगेत दोन किलो शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्यांची चळत घेऊन मिलानला उतरले.

तुरिनला तिच्या खोलीत पहिल्या रात्री आम्ही जमिनीवर बसून तेच जेवलो. भाकरीचा तुकडा मोडत ती म्हणाली, ‘आईने केलेल्या खटक रोट्टीसारखीच आहे.’ मी म्हटलं, ही कडक भाकरी आहे. मग दोघीही हसायला लागलो, कारण जोंधळा तोच, तवा तोच, कडकडीत वाळवायची पद्धत तीच, आणि चटणीला तर दोन्ही घरांत एकच नाव. चार वर्षं ज्यावरून बोललो नाही ते त्या रात्री निघालं नाही. ते दोन दिवसांनी गाडीत निघालं.

तुरिनहून मिलान, मिलानहून वेरोना आणि वेरोनाहून उत्तरेला बोल्झानो असा आमचा रस्ता होता. पहिल्याच गाडीत आम्ही दंड भरला. तिकडे साध्या गाडीचं कागदी तिकीट घेऊन चालत नाही, चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. मी बोलण्याच्या नादात ते विसरले, आणि टीसीने शांतपणे पावती फाडली. तिने त्याच्याशी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये दोन मिनिटं हुज्जत घातली, मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘भर गं, हा ऐकणार नाही.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही तुरिनला भेटल्यापासून मराठीतच बोलत होतो. पहिलीपासून मराठीतच बोलत आलो होतो. तिचं मराठी अगदी आपल्या गावचं आहे, ‘काय करायलीस’ म्हणणारं. माझं कन्नड? भाजी मंडईतलं ‘एष्टु’, बसमधलं ‘मुंदे होगि’, आणि एक वाक्य जे मी बिनचूक म्हणू शकते : ‘कन्नड गोत्तिल्ला.’ मला कन्नड येत नाही. कन्नड पहिलीपासून शाळेत होतं, मार्कही चांगले पडत. परीक्षा झाली की विसरायचं, हा आम्हा मुलींचा एक न बोललेला करार होता. मी तिला गाडीत विचारलं, तुला याचं कधी वाईट वाटलं नाही का? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘स्टेटसपेक्षा त्याचंच वाटलं.’

वेरोना सोडलं की रेल्वे आदिजे नदीच्या काठाने जाते. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत जातात, द्राक्षांच्या वेली, मग सफरचंदाच्या बागा. त्रेन्तोपर्यंत सगळ्या पाट्या इटालियन. त्यानंतर सालोर्नो नावाचं छोटं स्टेशन येतं आणि तिथे पाटीवर दोन नावं आहेत : सालोर्नो आणि सालुर्न. पुढे ओरा, तेच आवर. घोषणाही दोन भाषांत, आधी एक, मग दुसरी. आणि शेवटी बोल्झानो, तेच बोझन. गाडीत कोणीही मान वर करून बघितलं नाही. आम्ही दोघीच पाट्यांचे फोटो काढत होतो. समोरच्या आजोबांना वाटलं असेल, या मुलींनी रेल्वे स्टेशन कधी पाहिलं नाही.

आपल्या बेळगाव स्टेशनच्या पाटीवरही तीन भाषा आहेत : कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. मराठी माणूस त्यातली देवनागरी वाचतो आणि काम भागवतो. मिरजेकडे जाताना शेडबाळ मागे पडलं की पाटीवरची कन्नड जाते आणि मराठी येते. रेल्वेच्या नियमानुसार हे बरोबरच आहे. पण शेडबाळच्या आधी मराठी माणसं नाहीत आणि मिरजेत कन्नड बोलणारी नाहीत असं आपल्यापैकी कोण म्हणेल?

बोल्झानोची मैत्रीण आम्हाला घ्यायला स्टेशनवर आली होती. दोन वर्षांपूर्वी ती आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात काही महिने स्वयंसेविका म्हणून राहिली होती, तेव्हा आमची ओळख झाली. तिची मातृभाषा जर्मन, पासपोर्ट इटालियन. बेळगावात काळं फासलेली पाटी बघून तिने मला कारण विचारलं होतं आणि मी सांगितल्यावर म्हणाली होती, ‘आमच्याकडे ये, मग बोलू.’ तर ते बोलणं असं झालं.

हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा. १९१९ च्या तहाने तो इटलीकडे गेला. लोक बहुतेक जर्मन बोलणारे. मग मुसोलिनीची सत्ता आली आणि १९२३ पासून जर्मन शाळा बंद होत गेल्या. गावांची, नद्यांची, डोंगरांची नावं बदलून इटालियन करण्यात आली. ही हजारो नावं एत्तोरे तोलोमेई नावाच्या एका माणसाने आधीच यादी करून ठेवली होती. तिच्या पणजीचं शिक्षण चोरून झालं, धान्याच्या कोठारात, स्वयंपाकघरात. गावागावांतल्या या गुप्त जर्मन वर्गांना लोक ‘कॅटाकोम्ब शाळा’ म्हणत, म्हणजे रोमन छळाच्या काळात ख्रिस्ती लोक ज्या भुयारांत जमत अशी आख्यायिका आहे, त्यांच्या नावाने. मिशाएल गाम्पर नावाचा एक कॅथलिक धर्मगुरू त्यामागे होता. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनीने मिळून लोकांना पर्याय दिला : जर्मनीला निघून जा, नाहीतर राहा आणि इटालियन व्हा. सुमारे ७५ हजार लोक गेले. एकेका घरात भावाभावांची तोंडं फिरली.

युद्धानंतर १९४६ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियाने करार केला, १९४८ मध्ये स्वायत्ततेचा पहिला कायदा आला, पण तो कागदावरच जास्त राहिला. १९६० मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात गेला. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे कित्येक मनोरे स्फोटाने पाडले गेले, पुढच्या वर्षांत माणसंही मेली. मग बोलणी, बोलणी आणि बोलणी. १९७२ मध्ये स्वायत्ततेचा दुसरा कायदा झाला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद संपल्याचं अधिकृतपणे सांगितलं. म्हणजे ज्या पाट्यांचे मी कौतुकाने फोटो काढत होते, त्या पाट्या मिळायला दोन पिढ्या गेल्या होत्या.

आज तिथे सरकारी कचेरीत कोणत्याही भाषेत बोलता येतं, आणि सरकारी नोकरी हवी तर दोन्ही भाषांची परीक्षा पास व्हावी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार प्रांतात सुमारे ६९ टक्के जर्मन, २६ टक्के इटालियन आणि साडेचार टक्के लादिन ही तिसरी जुनी भाषा बोलणारे आहेत. बोल्झानो शहरात मात्र चित्र उलट, तिथे इटालियन बोलणारे जास्त. म्हणजे प्रांतात जो अल्पसंख्य तो शहरात बहुसंख्य, आणि देशात पुन्हा वेगळंच. हे वाचून बेळगावच्या माणसाला काही आठवलं नाही तर नवल.

हे ऐकून मी भारावले होते, आणि मैत्रिणीने तिथेच मला थांबवलं. म्हणाली, एवढी खूश होऊ नकोस. आमच्या शाळा वेगळ्या आहेत. जर्मन मुलं जर्मन शाळेत, इटालियन मुलं इटालियन शाळेत. सरकारी नोकऱ्या भाषागटाच्या प्रमाणात वाटल्या जातात, त्यामुळे प्रत्येकाला आपण कोणत्या गटाचे हे लिहून द्यावं लागतं. ज्याची आई एका गटाची आणि बाप दुसऱ्या, त्याने काय लिहायचं? आलेक्सांडर लांगर नावाच्या तिथल्या राजकारण्याने १९८१ मध्ये असं लिहून द्यायला नकार दिला, आणि त्याच कारणाने १९९५ मध्ये त्याला बोल्झानोच्या महापौरपदाची निवडणूक लढवता आली नाही. ‘आम्ही भांडत नाही,’ ती म्हणाली, ‘पण आम्ही एकमेकांच्या घरीही फारसं जात नाही. माझी एकही इटालियन मैत्रीण नव्हती, युनिव्हर्सिटीला जाईपर्यंत.’

आम्ही दोघी बेळगावकरणींनी एकमेकींकडे बघितलं. दहा वर्षं एक बाक, एक डबा. बोल्झानोला पाट्या मिळाल्या पण बाक मिळाला नाही. आम्हाला बाक मिळाला होता, आणि पाट्यांवरून आम्ही तो घालवला होता.

संध्याकाळी ती आम्हाला एका सरकारी इमारतीसमोर घेऊन गेली. त्या इमारतीवर मुसोलिनीचं, घोड्यावर बसलेलं, भलंमोठं दगडी शिल्प आहे. ते पाडायचं की ठेवायचं यावर अनेक वर्षं वाद झाला. शेवटी २०१७ मध्ये त्यांनी शिल्प तसंच ठेवलं आणि त्याच्यावरून दिव्यांच्या अक्षरांत हाना आरेन्ट या विचारवंतीणीचं एक वाक्य लावलं, इटालियन, जर्मन आणि लादिन अशा तीन भाषांत. वाक्याचा आशय असा की हुकूम पाळला ही सबब कोणाला चालणार नाही. शिल्पाला कोणी काळं फासलेलं नाही आणि झाकलेलंही नाही. पण आता ते वाक्य वाचल्याशिवाय शिल्प बघताच येत नाही.

आता मला जे म्हणायचंय ते स्पष्ट लिहिते.

सीमाप्रश्न मी या लेखात सोडवणार नाही. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा हे सगळं आपण लहानपणापासून ऐकतो. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. पण निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत तीच माणसं असणार आहेत. तेव्हा प्रश्न नकाशाचा आहेच, पण आपल्या रोजच्या वागण्याचाही आहे, आणि त्याबद्दल एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने बोलायला हरकत नसावी.

माझं पहिलं म्हणणं : मराठीत पाटी, मराठीत कागद, मराठीत शाळा मागणं हा गुन्हा नाही, आणि ते मागताना कोणी आपल्याला फुटीर म्हणण्याचं कारण नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार-अर्ज देता येतो. ३५०-अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं देशपातळीवर फार पूर्वीच ठरलेलं आहे. २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचा कायदा आहे. ठीक आहे, उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी सन्मानाने बसू शकते. एका पाटीवर दोन नावं आली म्हणून कोणतंही गाव लहान होत नाही. मी दोन नावांच्या स्टेशनवर उतरले, सफरचंद घेतलं, गाडी वेळेवर सुटली.

माझं दुसरं म्हणणं पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते आपल्याला उद्देशून आहे. जिथे राहतो तिथल्या शेजाऱ्याची भाषा न शिकण्याचा आपल्याला अभिमान का वाटतो? बेळगावातल्या किती कन्नड घरांत मराठी बोलतात! आपल्या किती घरांत कन्नड बोलतात? मी माझ्यापुरतं उत्तर गाडीत दिलं आहे. आपण मराठी मागतो तेव्हा समोरच्याला आपलं म्हणणं त्याच्या भाषेत सांगता येत नसेल, तर ते त्याला मागणीसारखं ऐकू येत नाही, गोंगाटासारखं ऐकू येतं.

यावर मंडळातले ज्येष्ठ काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण घरी पप्पा तेच म्हणाले. ‘कन्नड शिकलीस की म्हणतील, बघा, यांना येतंय की, मग मराठी कशाला?’ हा मुद्दा खोटा नाही. सक्तीच्या काळात शिकणं हेसुद्धा शरण जाण्यासारखं वाटतं. पण बोल्झानोच्या जर्मन माणसांनी इटालियन चांगली शिकून घेतली आणि तरीही आपली भाषा सोडली नाही. कचेरीत, न्यायालयात, बोलण्यांच्या टेबलावर दोन्ही भाषा येणारा माणूसच त्यांच्या उपयोगी पडला. भाषा येत असूनही आपली भाषा मागणं, याला जास्त वजन असतं. तेव्हा कोणी असं म्हणू शकत नाही की तुम्हाला जमत नाही म्हणून मागताय.

आणि तोलोमेईची ती यादी मी विसरू शकत नाही. दुसऱ्याच्या गावाला आपलं नाव देऊन त्याचं नाव पुसणं हे काम कधी सत्तेने केलं, कधी डांबराच्या डब्याने केलं. दोन्ही एकच. आपल्या बाजूच्या हातात डबा असला की आपण त्याला आंदोलन म्हणतो.

शेवटचा मुक्काम रोमचा. बोलोन्याला रेल्वेच्या संपात एक दुपार अडकलो, संपातही सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक तास गाड्या सोडाव्या लागतात म्हणून सहा वाजता सुटलो. तिथून तुरिनची मैत्रीण परत गेली. रोमला आमच्याच पॅरिशमधल्या, मला लहानपणी धर्मशिक्षण शिकवणाऱ्या सिस्टर सध्या शिकायला आहेत. मी त्यांना म्हटलं, मला व्हॅटिकननंतर एकच जागा बघायची आहे. त्या मला क्विरिनाल टेकडीवरच्या सांत आंद्रेआला घेऊन गेल्या. थॉमस स्टीफन्स १५७५ मध्ये याच ठिकाणच्या जेझुइट प्रशिक्षणगृहात दाखल झाले होते. आजचं चर्च नंतरचं, बेर्निनीचं. पण जागा तीच. इंग्लंडमध्ये जन्मलेला, रोममध्ये घडलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात उतरला, इथल्या भाषा शिकला आणि त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, मराठी ओवीत. आपण साहित्याचे विद्यार्थी ते अभ्यासक्रमात वाचतो आणि म्हणतो, बघा, परक्यालाही मराठीचं केवढं प्रेम! मी त्या चर्चमध्ये बसून विचार करत होते की त्याने पहिल्यांदा बाजारात तोंड उघडलं तेव्हा लोक किती हसले असतील. त्याला आपण डोक्यावर घेतो ते त्याने दुसऱ्याची भाषा शिकली म्हणून. मग तेच आपण केलं तर आपण कमी मराठी कसे होऊ?

म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, ई-मासिकाच्या प्रत्येक अंकात एका कन्नड कथेचा किंवा कवितेचा आपल्याच विद्यार्थ्याने केलेला अनुवाद असावा, आणि आपलं एखादं लिखाण कॉलेजच्या कन्नड संघाने त्यांच्या भित्तिपत्रकासाठी घ्यावं. दोन, कॉलेजच्या मराठी ग्रंथदालनाची पाटी, जी सध्या फक्त इंग्रजीत आहे, ती मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत व्हावी म्हणून दोन्ही मंडळांनी मिळून एकच अर्ज द्यावा. एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनी. विरोध असेल तर बैठकीला येऊन करा, मला आवडेल.

मुंबईहून बेळगावला येताना मी रात्रभर जागीच होते. मिरज पहाटे गेलं. उजाडल्यावर मी प्रत्येक स्टेशनची पाटी कन्नडमधून वाचायचा प्रयत्न केला, देवनागरीवर हात ठेवल्यासारखं नजर टाळून. कुडचीला जमलं नाही. रायबागला अर्धं जमलं. घटप्रभाला गाडी थोडी थांबली आणि मी एकेक अक्षर लावत पूर्ण नाव वाचलं. लगेच तुरिनला फोन लावला. तिकडे पहाटेचे तीन वाजले असतील हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिने झोपेत कन्नडमधून काहीतरी म्हटलं. मला ते समजलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिने ते मराठीत सांगितलं नाही. सावकाश, पुन्हा कन्नडमधूनच सांगितलं.